नियामक टी-पेशी आणि मेंदूचे संरक्षण

नियामक टी-पेशी या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट गटात मोडतात. त्या संख्येने थोड्या असल्या तरी इतर रोगप्रतिकारक पेशींना आवर घालतात, आणि १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी त्यांची ओळख पटवली. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून ऊतीला प्राणवायू व ग्लुकोज मिळेनासे होते (हाच इस्केमिया), तेव्हा गाभ्यातील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. परंतु सभोवतालच्या, अद्याप वाचू शकणाऱ्या भागाची हानी पुढे कित्येक तास, प्रसंगी काही दिवस, चालू राहते आणि तिला दाहही कारणीभूत असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थर लीझ व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत उंदरांतील नियामक टी-पेशी काढून टाकल्यावर ही उशिराची हानी वाढली, आणि या पेशी स्रवत असलेले इंटरल्यूकिन-१० हे दाहशामक प्रथिन संरक्षणाचे मुख्य साधन असल्याचे आढळले. मात्र २०१३ मधील एका जर्मन अभ्यासात याच पेशींनी आरंभीच्या तासांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या वाढवून इजा अधिक गंभीर केल्याचे दिसले. म्हणून त्यांना सरसकट ‘रक्षक’ म्हणणे घाईचे ठरते, आणि कोणत्याही उपचाराचा विचार करताना आघातानंतर किती काळ लोटला आहे हे पाहणे अपरिहार्य आहे.