डोंबिवलीचे रासायनिक कारखाने : प्रदूषण, अपघात आणि माहितीचा हक्क

भारतातील औद्योगिक प्रदूषणाच्या इतिहासात २-३ डिसेंबर १९८४ ची भोपाळ वायुदुर्घटना हा निर्णायक टप्पा मानला जातो. तिच्यानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला, तर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात कलम ४१-ब आले. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले.

हा हक्क प्रत्यक्षात कितपत पोहोचला, हे ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीच्या उदाहरणावरून तपासता येते. तेथे औद्योगिक वसाहतीला लागूनच नागरी वस्ती वाढली. २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला. २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटात १२ जण मृत्युमुखी पडले व आसपासच्या घरांचीही हानी झाली. चौकशी अहवाल मात्र नागरिकांना २०१८ मध्ये माहिती अधिकाराखाली मिळवावा लागला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत पुन्हा प्राणघातक स्फोट झाला.

यावरून असे दिसते की, कायदा असूनही शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे हे रहिवाशांना बहुधा स्फोटानंतरच कळते. संकेश्वर-निपाणी परिसरातील महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या जोडीने माहितीच्या या हक्काविषयी शिकवले गेले, तर विद्यार्थी हा प्रश्न वेळीच विचारू शकतील.