हत्तीच्या शेपटीतील बखर

इतिहास म्हटला की माझ्यासारख्याला बखरी, ताम्रपट आणि कसरीने खाल्लेली दप्तरे आठवतात. कोणीतरी लिहून ठेवले, तरच इतिहास उरतो, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. मग रानात चरणाऱ्या जनावरांची बखर कोण लिहिणार? ती जनावरे स्वतःच ती आपल्या अंगावर लिहून ठेवतात, हे वाचले तेव्हा मी थक्क झालो.

या बखरीची शाई म्हणजे कार्बन. निसर्गातल्या शंभर कार्बन-अणूंत सुमारे एक अणू किंचित जड असतो. तो किरणोत्सारी नाही, युगे लोटली तरी तसाच राहतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला स्थिर समस्थानिक म्हणतात. झाडेझुडपे, भात आणि गहू हा जड अणू हवेतून कमी उचलतात. ऊस, ज्वारी, बाजरी आणि उष्ण प्रदेशांतील बहुतेक गवते त्या मानाने अधिक उचलतात. उसाच्या या निराळ्या रीतीचा उलगडा हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात केला.

खाल्लेल्या अन्नाची ही खूण हाडांत, दातांत आणि केसांत उतरते. १९७८ साली डिनिरो आणि एपस्टाइन यांनी पूर्व आफ्रिकेत एकाच ठिकाणी राहणाऱ्या हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या दोन जाती तपासल्या. एक जात मुख्यतः गवतावर जगते, दुसरी पाल्यावर, याची साक्ष त्यांच्या हाडांनीच दिली.

मला मात्र वेड लावले ते उत्तर केनियातील एका हत्ती-कुटुंबाने. सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील चौघांच्या शेपटीच्या केसांवरून सहा वर्षांचा आहार उलगडला व २००९ साली तो प्रसिद्ध केला. केस मुळाशी वाढतो आणि एकदा बाहेर आला की बदलत नाही. म्हणून मुळाशी ताजे पान, टोकाशी जुने! पावसाने रान हिरवे झाले की सुमारे दोन आठवड्यांनी हत्तींच्या खाण्यात गवत वाढे. गवताचा हा भर ऐन रंगात आल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी तेथील हत्तिणींना गर्भ राहण्याचा संभव सर्वांत जास्त असे.

याच बखरीत एक दुष्काळी पानही आहे. निव्वळ पाल्यावर काढलेला काळ त्या सहा वर्षांत एकच निघाला; आणि तेव्हा हे हत्ती राखीव रानाबाहेर, अतिचराईने उजाड झालेल्या सामायिक कुरणांत होते. तेथील गुराख्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्या गुरांनाही पोट आहेच. पण पाऊस आणि पुढची पिढी यांच्यामधला दुवा जर ते गवतच असेल, तर त्याचा विचार दोघांसाठीही व्हायला हवा.

यंदा वसुबारसेला गाय-वासराला घास भरवताना मला त्या दूरच्या हत्तींची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.