निर्भयतेचा जाहीर संवाद : कऱ्हाड ते किल्लारी (१९७५-१९९८)

प्रास्ताविक :
महाराष्ट्रात साहित्यिक आणि कार्यकर्ता यांच्यातील संवाद बहुधा व्यासपीठावरूनच झाला आहे. साहित्य संमेलन, व्याख्यानमाला, अभ्यासशिबिर ही त्याची नेहमीची स्थाने होत. या संवादाचा इतिहास सांगताना अभ्यासक सामान्यतः सत्तेविरुद्ध उच्चारलेल्या शब्दांची नोंद घेतात. आपल्याच समाजाविरुद्ध उच्चाराव्या लागणाऱ्या शब्दांची नोंद त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या धैर्याचा मराठवाड्याच्या, विशेषतः किल्लारीच्या संदर्भात विचार केला आहे.

कऱ्हाडचा आदर्श :
आणीबाणीच्या काळात डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे ५१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण त्या वेळी गंभीर आजारी होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. एका लेखिकेने एका राजकीय कार्यकर्त्याचे नाव सत्तेच्या साक्षीने उच्चारले, ही घटना तेव्हापासून मराठी लेखकाच्या निर्भयतेचे मानदंड मानली जाते. ते योग्यच आहे. मात्र हा संघर्ष सरळ होता. एका बाजूला शासन, दुसऱ्या बाजूला लेखक, आणि मध्यमवर्गीय वाचकांची सहानुभूती बव्हंशी लेखकाकडे.

१९७८ : कसोटी बदलते
मराठवाड्यात ही कसोटी इतकी सरळ राहिली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि विभागात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतराला विरोध करणाऱ्यांत अनंत भालेराव आणि गोविंदभाई श्रॉफ ही हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेली आदरणीय माणसे होती. भालेराव तर निजामाच्या राजवटीशी लढलेले आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक म्हणून सर्वदूर मान असलेले. त्यांच्या वैयक्तिक धैर्याविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु निजामासमोर उपयोगी पडलेले धैर्य गावाच्या वेशीबाहेरील वस्तीचा प्रश्न येताच अपुरे पडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नामांतराची बाजू घेणाऱ्या एस. एम. जोशी यांना मराठवाड्यात चपलांचा हार घालण्यात आला. तो घालणारे शासनाचे हस्तक नव्हते, याच विभागातील नागरिक होते.

याच भूमीत नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकर यांनी (निधन १९८२) वेगळी पद्धत रुजविली होती. राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर ते तासन्‌तास बोलत आणि समोरच्यांच्या श्रद्धाच तपासावयास घेत. टाळ्यांसाठी बोलणारा वक्ता हे करीत नाही. पुढे लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखक आणि कार्यकर्ता ही दोन माणसे उरलीच नव्हती. विमुक्त-भटक्यांच्या चळवळीतील माणूसच लिहीत होता.

किल्लारी :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळली. शासकीय आकड्यानुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. १९९२ च्या उत्तरार्धात याच परिसराला वारंवार हादरे बसले होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. हादरे सर्वांना जाणवले, पण घरांच्या भिंतींविषयी व्यापक जाहीर चर्चा मात्र झाली नाही.

मदतीचा ओघ मोठा होता. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. देशभरातून कार्यकर्ते आले, लेखक-पत्रकारांनी विपुल लिहिले. या लेखनाचा बहुतांश भाग शोकाचा आहे, आणि शोक लिहिण्यास फारसे धैर्य लागत नाही. अवघड प्रश्न पुढे पुनर्वसनात उभा राहिला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर ठरले आणि घरांचे तीन वर्ग करण्यात आले. भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांस २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांस ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांस ७५० चौरस फूट. भूकंपाने ज्या भिंती भेदभाव न करता पाडल्या, त्या जमिनीच्या हिशेबाने पुन्हा उभ्या राहिल्या. मृत्यूत समान ठरलेली माणसे निवाऱ्यात असमान ठरली. नव्या गावात कोणाची गल्ली कोणाशेजारी असावी, हा प्रश्न ग्रामसभेत उच्चारण्यासाठी लागणारे धैर्य कऱ्हाडच्या धैर्याहून कमी नव्हते. येथे समोर मंत्री नव्हता, पाटील होता, आणि सभा संपल्यावर त्याच्याच शेतावर कामाला जावयाचे होते.

हाच काळ नामांतर लढ्याच्या अखेरच्या पर्वाचा होता. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. विद्यापीठाचे नाव आणि किल्लारीची घरे हे दोन स्वतंत्र विषय म्हणून अभ्यासले जातात. वस्तुतः गावात कोणाला किती जागा, हाच प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे.

या संवादाचा सर्वांत लक्षणीय टप्पा साहित्यिक व्यासपीठापासून दूर घडला. जी गावे स्थलांतरित झाली नाहीत, तेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी स्वतः करावयाचे होते. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरोघर जाऊन अनुदानाची माहिती देणे, बांधकामावर लक्ष ठेवणे आणि ग्रामसभेत उभे राहून अभियंत्याला प्रश्न विचारणे, हे त्यांचे काम होते. ज्या सभेत बसण्याचीही प्रथा नव्हती, तेथे त्या सिमेंटच्या प्रमाणाविषयी आणि हप्त्याच्या रकमेविषयी बोलू लागल्या. साहित्याच्या इतिहासात त्यांची नोंद नाही. त्यांच्या पदाच्या नावात मात्र संवाद हा शब्द शासनानेच लिहून ठेवला आहे.