डेबियनची पॅकेजे आणि विश्वासाची साखळी

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारी व्यक्ती सहसा मूळ लेखकाकडून सॉफ्टवेअर घेत नाही. ते ‘पॅकेज’च्या रूपात वितरकाकडून येते. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे लिनक्सच्या सर्वांत जुन्या वितरणांपैकी एक असून उबुंटू त्याच्याच पायावर उभे आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एका देखभालकर्त्याकडे किंवा गटाकडे असते. मूळ कोड घेणे, आवश्यक तेथे त्यात बदल करणे आणि तो इतर हजारो पॅकेजांशी जुळवून देणे हे त्यांचे काम. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते, तेथून ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि पुढे ‘स्टेबल’ आवृत्तीत स्थिरावते. मूळ लेखक आणि वापरकर्ता यांच्यामधल्या या टप्प्यात काय बिघडू शकते, हे दोन घटनांनी दाखवून दिले.

ओपनएसएसएल, २००६ ते २००८

एन्क्रिप्शनसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या संचातील दोन ओळींबाबत ‘वॅलग्रिंड’ हे स्मृतितपासणीचे साधन इशारे देत असे. ते थांबवण्यासाठी डेबियनच्या पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये त्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या चर्चेत विचारणा झाली होती आणि तेथे ठाम आक्षेप आला नव्हता. परंतु त्यांपैकी एक ओळ यादृच्छिक संख्यांसाठी आवश्यक असलेली अनिश्चितता गोळा करीत होती. ती गेल्यावर प्रक्रिया क्रमांक एवढाच बदलता घटक उरला. परिणामी, किल्लीचा प्रकार, लांबी आणि संगणकाची रचना ठरली की शक्य किल्ल्यांची संख्या अवघ्या ३२,७६७ वर आली. त्या सर्व आधीच तयार करून एकेक लावून पाहणे कोणालाही शक्य होते.

एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एच’ या स्टेबल आवृत्तीतही हा दोष पोहोचला. लुसियानो बेलो यांना तो आढळला आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. पॅकेज अद्ययावत करणे पुरेसे नव्हते. दोषपूर्ण यंत्रावर तयार झालेली प्रत्येक किल्ली रद्द करून नवी करावी लागली. अशा किल्ल्या इतर सर्व्हरवर नेल्या गेल्या असतील, तर ज्यांनी डेबियन कधी वापरलेही नाही तेही धोक्यात होते.

एक्सझेड, २०२४

दुसऱ्या घटनेत चूक नव्हे, हेतू होता. फाइली संकुचित करणाऱ्या एक्सझेड प्रकल्पात सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहविकसकाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. ती कार्यान्वित करणारा भाग सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, प्रकाशित संचात होता. आणि डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधतानाच तो जागा होई. दूरस्थ प्रवेश देणारे ओपनएसएसएच मुळात एक्सझेडवर अवलंबून नाही. सिस्टिमडीशी जुळवून घेण्यासाठी वितरकांनी केलेल्या बदलामुळे ते एक्सझेडशी जोडले गेले होते.

सर्व्हरवरील प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आणि वॅलग्रिंड त्रुटी दाखवते, यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी माग काढला व २९ मार्च २०२४ रोजी माहिती उघड केली. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीपर्यंत हे पॅकेज पोहोचले नव्हते.

उपाय आणि मर्यादा

एकाच कोडपासून कोणीही पॅकेज बांधले तरी ते बिट-बिट सारखे यावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चे काम सुरू आहे. बांधणीच्या यंत्रावर झालेला हस्तक्षेप त्यातून उघड होऊ शकतो. मूळ संचातच मिसळलेले विष मात्र केवळ त्याने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रकाशित संच कोडभांडाराशी ताडून पाहणे आणि वितरकाने केलेले बदल मूळ लेखकांकडून काटेकोरपणे तपासून घेणे आवश्यक ठरते.

या दोन घटनांत एक साम्य लक्षणीय आहे. वॅलग्रिंडचा इशारा दोन्हींत होता. २००६ मध्ये तो गप्प करण्यात आला, तर २०२४ मध्ये त्याचा पाठपुरावा झाला. पॅकेजची विश्वासार्हता साधनांइतकीच, किंबहुना अधिक, अशा इशाऱ्याचा अर्थ शोधणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. आणि त्यांपैकी अनेक जण हे काम विनावेतन करीत असतात.