देहाचें घड्याळ आणि भिंतीवरचें घड्याळ

कोल्हापुरांत सूर्य माथ्यावर येतो तेव्हां भिंतीवरच्या घड्याळांत बारा केव्हांच वाजून गेलेले असतात. वर्षाची सरासरी धरली तर त्या वेळीं बारा वाजून ३३ मिनिटें झालेलीं असतात. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून मोजली जाते, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटें लागतात, हिशेब एवढाच. परंतु या अर्ध्या तासामागें मोठा इतिहास आहे, आणि त्याचा संबंध माणसाच्या झोंपेशीं व मनःस्थितीशीं पोहोंचतो.

शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरी ही पेठ गुळाच्या व्यापारासाठीं वसविली. त्यापूर्वीं चार वर्षें, १८९१ मध्यें, मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी येऊं लागली होती. आगगाड्या त्या काळीं मद्रासच्या वेळेनें चालत, व ती वेळ कोल्हापूरच्या सूर्यापेक्षां सुमारें २४ मिनिटें पुढें असे. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला या भानगडीशीं कर्तव्य नव्हतें. काहील केव्हां उतरवावी हें त्याला रसाचा रंग सांगे आणि पहाट किती झाली हें आकाशांतील तारे. १९०६ सालीं शाहू मिलची स्थापना झाली, आणि मग गिरणीचा भोंगा शहराला उठवूं लागला. गुळव्याची वेळ आणि भोंग्याची वेळ, दोन्ही एकाच गांवांत नांदूं लागल्या.

मुंबईंत मात्र हें नांदणें सुखानें झालें नाहीं. तेथें १८८१ सालीं मद्रासची वेळ लादण्याचा यत्न झाला, तो लोकांनीं टिकूं दिला नाहीं. पुढें १ जानेवारी १९०६ पासून नवी प्रमाण वेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां सुमारें ३९ मिनिटें पुढें होती. कागदावर ही किरकोळ गोष्ट; पण पहाटे उठून गिरणीचा दरवाजा गांठणाऱ्या मजुराची तेवढी झोंप गेली. त्याच महिन्यांत गिरणी कामगारांनीं हत्यारें खालीं ठेवलीं व दगडफेकही झाली. मुंबईच्या नगरपालिकेनें आपली जुनी वेळच चालू ठेवली, आणि हा दुहेरी व्यवहार थेट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकापर्यंत चालला. पुष्कळांनीं याला स्वाभिमानाचा लढा मानलें आणि तो तसा होताही. तरी त्यांत देहाची तक्रारही होती, ती कोणीं फारशी नोंदविली नाहीं.

याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोंवर दिवस मावळला कीं काम थांबे. आतां तेंही बंधन उरलें नाहीं, आणि कामाचे तास चौदापंधरांवर गेले. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचे तास बारांवर आणले, १९२२ मध्यें ते अकरा झाले, १९३४ मध्यें दहा. कायदा तास मोजीत होता. ते तास दिवसाचे कीं रात्रीचे, याचा विचार त्यानें मुख्यतः स्त्रिया व मुलें यांच्यापुरता केला.

वास्तविक हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्येचा अध्याय ब्राह्म मुहूर्तीं उठण्यापासूनच सुरू होतो, आणि चरकानें निद्रेला शरीराच्या तीन आधारांत स्थान दिलें आहे. युरोपांत १७२९ सालीं द मेराँ या फ्रेंच पंडितानें लाजाळूच्या जातीचें रोप अंधारांत ठेवलें. पानें तरीही ठरल्या वेळीं उघडत व मिटत राहिलीं. म्हणजे घड्याळ बाहेरच्या उजेडांत नसून रोपाच्या आंत होतें. मनुष्याविषयीं तेंच सिद्ध व्हावयास विसावें शतक उजाडावें लागलें. १९३८ मध्यें क्लाइटमन अमेरिकेंतील मॅमथ गुहेंत महिनाभर राहिला. पुढें जर्मनींत आशोफनें माणसांना भुयारी खोल्यांत घड्याळावांचून ठेवून पाहिलें. त्यांची झोंप नाहींशी झाली नाहीं, केवळ रोज थोडी पुढें सरकत गेली, कारण आंतलें घड्याळ चोवीस तासांहून किंचित् मंद असतें; रोजचा सकाळचा उजेड त्याला पुन्हां जुळवून घेतो. १९७२ सालीं त्याची जागा मेंदूच्या तळाशीं, डोळ्यांचे मज्जातंतू एकमेकांस ओलांडतात त्याच्या लगत, सांपडली. २०१७ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक याच यंत्रणेच्या संशोधनास मिळालें.

देहाचें तापमान पहाटे सर्वांत कमी असतें. रात्रपाळीच्या मनुष्यास त्याच वेळीं पेंग येते, हातून चुका होतात आणि स्वभाव चिडचिडा बनतो. घरच्यांना वाटतें, याला राग फार. उत्तर युरोपांत हिवाळ्याच्या लांब रात्रींनीं कित्येकांस खिन्नता येते; कोल्हापुरांत सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत दोन तासांचेंच अंतर असल्यानें ती पीडा येथें विशेष नाहीं.

येथील पीडा निराळी आहे. राज्यपाल रमेश बैस यांनीं २०२३ च्या डिसेंबरांत मुलांच्या अपुऱ्या झोंपेचा प्रश्न काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊपूर्वीं भरवूं नयेत असा आदेश काढला. आदेश चांगला, पण संशोधन सांगतें कीं आंतलें घड्याळ अधिक उशिरा चालतें तें चवदापंधरा वर्षांच्या मुलांचें. त्यांना रात्रीं दहाला झोंप येत नाहीं, हा दर वेळीं आळस किंवा उनाडपणा नसतो. या मोठ्या मुलांस त्या आदेशानें कांहींच दिलें नाहीं. वर्गखोल्या थोड्या, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरतात, आणि सकाळची पाळी बहुधा त्यांच्याच वांट्यास येते. जानेवारींत कोल्हापुरांत सूर्य सातनंतर उगवतो. सात वाजतां भरणाऱ्या शाळेची घंटा त्याआधींच होऊन गेलेली असते.