मर्दपणा, शिस्त आणि शब्दाची जबाबदारी

मर्दपणा म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या आसपास वाढणारी आपली पोरे आज मोबाईलवर ज्यांची भाषणे ऐकतात, त्यांतले कित्येकजण सांगतात : शरीर कमवा, पैसा कमवा, बाईला धाकात ठेवा. ऐकणारे लाखांनी असतात. परिणामांची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते. या पोरांना शिस्त हवी आहे. ही भूक खोटी नाही. म्हणूनच शिस्तीचा आपला इतिहास तपासला पाहिजे.

इंग्रजी राजवटीने मर्दपणावर जातीचे शिक्के मारले. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे स्तंभावर कोरली गेली. शतक संपता संपता 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धांताने त्यांच्याच वंशजांना लष्कराची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज केले. मागणी न्याय्य होती. पण सरकारने द्यावा आणि सरकारनेच काढून घ्यावा, असा तो मर्दपणा होता.

महाडने त्याचा अर्थ बदलला. 20 मार्च 1927 रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सवर्णांनी मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. त्यांच्या मनगटांत जोर होता, चीडही होती. ते इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा तळ्यावर जाण्यास सिद्ध झाले, तेव्हा कोर्टाची मनाई होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आपल्या एका शब्दावर किती डोकी फुटतील याचा हिशेब ज्याच्यापाशी असतो, तोच पुढारी.

आपल्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड बरसले, तरी सत्याग्रह टिकला. दारांवर पुरुषांबरोबर बायाही बसल्या होत्या. मग धैर्य ही पुरुषांची मिरास कशी ठरते? पुढे मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून, आता शिक्षण आणि राजकारण यांवर शक्ती लावावी, असे कळवले. गर्दी हाताशी असताना तिला थांबवणे ही प्रभावाची खरी कसोटी आहे.

मात्र इथेच थांबलो तर इतिहास म्हणजे नुसती आरती होईल. मोर्चातली शिस्त उंबरठ्याच्या आत आली काय? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या 1986 साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात घरातल्या मारहाणीची नोंद आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून चळवळीतल्या स्त्रिया पुढे आणल्या. ज्याला गावाने माणूस मानले नाही, त्याने घरात मालक व्हावे, हा मनूचाच विजय आहे.

स्वतःवर ताबा म्हणजे शिस्त. दुसऱ्यावर ताबा म्हणजे सत्ता. मोबाईलवरचे गुरू दुसरीला पहिलीचे नाव देतात. ही फसवणूक पोरांना उघड करून दाखवणे आपले, म्हणजे शिकलेल्या पहिल्या पिढीचे, काम आहे. वर्गात आपला शब्द ऐकणारी चाळीस पोरे असतात. तेवढ्या शब्दाचीही जबाबदारी आपल्यावरच आहे.