दाखवणारा माणूस

भायखळ्याची राणीची बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी लोकांसाठी खुली झाली. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने ती उभारली. तिथली झाडे नुसत्या सावलीसाठी लावलेली नव्हती. देशोदेशीच्या उपयुक्त आणि शोभेच्या वनस्पती मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत रुजतात का हे पाहणे आणि लोकांना त्या पाहायला मिळणे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशी झाडे आजही तिथे उभी आहेत. शेजारीच 1872 मध्ये संग्रहालय उघडले, आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे एका मोठ्या शहराला निसर्ग शिकवण्यासाठी जे लागते ते सगळे, जागा, झाडे, प्राणी, संग्रह, मुंबईकडे एकोणिसाव्या शतकातच होते. तरीही मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी ही बाग ओळखली ती प्राणीसंग्रहालय म्हणून आणि सुट्टीतली सहल म्हणून. कैलासपतीच्या सावलीत डबे उघडले गेले, पण त्याची फुले फांद्यांच्या टोकांऐवजी थेट खोडावर का येतात हे सांगायला तिथे कुणी नसे. मुंबईतल्या निसर्गशिक्षणाचा इतिहास पाहताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिक्षण जागेमुळे होत नाही, तिथे उभा राहून दाखवणाऱ्या माणसामुळे होते. आणि संस्थांनी, सरकारांनी, महापालिकांनी ज्या गोष्टीवर सर्वांत हात आखडता घेतला, ती गोष्ट म्हणजे हा माणूस.

याचा सर्वांत ठळक पुरावा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या इतिहासात आहे. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी ही संस्था स्थापन केली. त्यांत दोघे भारतीय होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीचे स्वरूप हौशी संग्राहकांच्या आणि शिकाऱ्यांच्या मंडळाचे. नोंदींची देवाणघेवाण करायची, नमुने जमवायचे, जर्नल काढायचे. सर्वसामान्य कुटुंबाला तिथे जागा नव्हती. पण 1908 मध्ये एक शाळकरी मुलगा आपण मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला तिथे गेला, आणि संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी त्याच्यासमोर पक्ष्यांच्या नमुन्यांचे कप्पे उघडले आणि एकेक दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ही हकिगत आपल्याकडे एका थोर माणसाच्या बालपणाची आख्यायिका म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात मिलार्ड जास्त महत्त्वाचे वाटतात. कप्पे त्याआधीही होते, त्यांतले पक्षीही तेच होते. त्या दिवशी ते शिक्षण ठरले, कारण कुणीतरी कामातून वेळ काढून एका अनोळखी पोरासाठी ते उघडले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सोसायटीच्या संग्रहावर आधारलेला निसर्गविभाग सुरू झाला, आणि 1926 मध्ये सालिम अली तिथे गाइड-लेक्चरर म्हणून नोकरीला लागले. पगार महिना 350 रुपये. येणाऱ्या लोकांना काचेपलीकडचे पक्षी आणि प्राणी समजावून सांगायचे, हे त्यांचे काम. असे काम पगारी असू शकते, त्यासाठी स्वतंत्र पद असू शकते, हे मुंबईने तेव्हा मान्य केले होते. दोन वर्षांनी ते रजा घेऊन बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. परत आले तेव्हा पैशाअभावी ते पद रद्द झालेले होते. इमारत राहिली, काचेची कपाटे राहिली, पेंढा भरलेले प्राणी राहिले. गेली ती फक्त बोलणाऱ्या माणसाची जागा. यावर कुणी म्हणेल की ते पद गेले हे बरेच झाले. नोकरी गेली म्हणून सालिम अली किहीमला राहायला गेले, तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. युक्तिवाद ऐकायला चांगला आहे, पण तो एका माणसाच्या नशिबाचा हिशेब आहे, म्युझियममध्ये येणाऱ्यांचा नाही. त्यानंतर त्या दालनांतून जी हजारो मुले आईबापांचा हात धरून गेली, त्यांच्या वाट्याला पुन्हा नावांच्या पाट्याच आल्या. एखाद्याला पुढे संधी मिळाली म्हणून संस्थेचे नुकसान भरून येत नाही.

निसर्ग दाखवण्याचे हे काम शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी लोकांचा छंद आहे, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. दुर्बिणीची किंमत, रविवारी सकाळी मोकळे असण्याची चैन, आणि मार्गदर्शकाची भाषा, या तीन गोष्टींनी कितीतरी कुटुंबे आपोआप बाहेर राहतात. पण हा दोष मुळातल्या कल्पनेचा नाही, ती ज्यांच्या हाती राहिली त्यांचा आहे. याचे उत्तर मुंबईपासून फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले त्यात कुरणशाळा होती. गुरे राखायला जाणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षिकेनेच कुरणावर जायचे. गारगोट्या, बिया, पाने, फुले, शिंपले हेच साहित्य. गणित त्यावरच, भाषा त्यावरच. तिथे दुर्बीण नव्हती, प्रवेश फी नव्हती. शिवाय मुलांना जे आधीच ठाऊक होते, कोणते पान गुरे खातात, कोणते फळ कधी पिकते, त्यालाच ज्ञानाचा मान मिळाला. निसर्गशिक्षण गरिबांसाठी नसते असे म्हणणाऱ्याने कोसबाडची टेकडी आधी पाहावी. महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रयोग तिथे, सर्वांत कमी साधने असलेल्या मुलांसाठी झाला.

शहरात या विचाराला जागा मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. माहीमच्या खाडीजवळ, मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून मुंबईचा कचरा टाकण्याची एक जागा होती. डेपो बंद झाल्यावर तिथे निसर्ग उद्यान करावे ही कल्पना पुढे आली, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने ती उचलून धरली. 1983 पासून त्या कचऱ्याच्या थरांवर माती घालून झाडे लावायला सुरुवात झाली, आणि 22 एप्रिल 1994 रोजी सुमारे 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी उघडले. आधीच्या वर्षी, 1993 मध्ये, गोरेगावला फिल्मसिटीजवळ, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे 33 एकरांचे संवर्धन शिक्षण केंद्र सुरू झाले होते. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. वाघ, सिंह, हत्ती असे काही दाखवायला नव्हते. फुलपाखरे, कोळी, मुंग्या, पावसाळ्यातले बेडूक, खाडीकडेची तिवरे, एवढाच माल. त्यामुळे पाहुण्यांसोबत चालणारा माणूस तिथे चैन राहिला नाही, गरज झाला. पिंजऱ्यासमोर गाइडशिवाय वेळ जातो, झुडपासमोर जात नाही.

झुडपासमोर, किंवा उंबरासमोर, नेमके काय घडते हे थोडे जवळून पाहू. उंबराचे पिकलेले फळ फोडले की आत चिलटांसारखे बारीक कीटक दिसतात, हे मराठी घरांत सर्वांना माहीत असते, आणि म्हणूनच ते फळ टाकून दिले जाते. उद्यानातला जाणकार तेच फळ हातावर फोडतो आणि सांगतो की आपण ज्याला फळ म्हणतो ती खरे तर एक बंद कोठी आहे, फुले तिच्या आतच असतात. टोकाच्या बारीक भोकातून मादी कीटक आत शिरते, शिरताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात, ती परागकण आणते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही, आणि उंबराशिवाय तिची पुढची पिढी जन्मत नाही. हे ऐकताना मूल फळाकडे पाहते, आई मुलाकडे पाहते, आणि आजीला आठवते की दत्ताचे झाड म्हणून उंबर तोडायचा नाही हे तिच्या सासूने सांगितले होते. शाळेच्या सहलीत असे होत नाही. तिथे चाळीस मुले एका शिक्षकामागे धावतात, आणि घरी गेल्यावर या विषयावर बोलायला कुणी नसते. कुटुंब एकत्र आले की त्या फळाची चर्चा घरच्या जेवणापर्यंत पोचते. म्हणून कुटुंबांसाठी आणि सोसायट्यांच्या, महिला मंडळांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या गटांसाठी घेतलेल्या फेऱ्या मला शालेय सहलींपेक्षा जास्त फलदायी वाटतात.

शाळेत हा विषय आहेच की, असे कुणी विचारेल. आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, आणि परिसर अभ्यास तर महाराष्ट्रातल्या प्राथमिक वर्गांत मुलांच्या ओळखीचाच आहे. पण सक्तीच्या विषयाचे जे होते ते याचेही झाले: प्रकल्पाची वही, चिकटवलेली चित्रे, तोंडी परीक्षेचे गुण. दुसरे म्हणणे असे की पुस्तके आणि मोबाइल असताना माणसाची काय गरज? सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 मध्ये आले, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 मध्ये, आणि मारुती चितमपल्लींनी मराठीला अख्खे जंगल दिले. या पुस्तकांनी कित्येकांचे डोळे उघडले हे खरे. तरी पुस्तक त्यालाच हाक मारते ज्याला आधीच ओढ लागली आहे. मोबाइल झाडाचे नाव सांगतो, पण कोणत्या झाडासमोर थांबायचे हे सांगत नाही. ती पहिली ओढ लावणे हे माणसाचे काम.

या सगळ्याचा उपयोग काय, असे रोकडे विचारणाऱ्यासाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या हे उत्तर आहे. सुमारे 103 चौरस किलोमीटरचे हे जंगल तीन बाजूंनी शहराने वेढलेले. 2004 च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांनी शहर हादरले होते. पिंजरे लावा आणि बिबटे दूर नेऊन सोडा, ही मागणी जोरात होती, तसे केलेही जात होते. जुन्नर भागातल्या अभ्यासातून विद्या अत्रेय यांनी दाखवून दिले होते की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे संघर्ष वाढतो. 2011 मध्ये वनखात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. सोसायट्यांत, पाड्यांवर, पोलिसांसमोर, पत्रकारांसमोर बसून साध्या गोष्टी सांगितल्या गेल्या: कचरा साठला की कुत्री येतात, कुत्री आली की बिबट्या येतो, अंधारात लहान मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका, त्याला वाट द्या. पुढच्या काही वर्षांत हल्ले खूप घटले. श्रेय एकट्या प्रबोधनाचे नाही. पकडून सोडणे कमी झाले, खात्याची पथके सुधारली, याचाही त्यात वाटा आहे. हल्ले कायमचे थांबलेही नाहीत: उद्यानालगतच्या आरेत 2021 मध्ये ते पुन्हा झाले आणि 2022 मध्ये तिथे एका बालिकेचा जीव गेला. पण यातून निघणारा निष्कर्ष प्रबोधन निरुपयोगी आहे असा नाही, ते एकदा करून संपत नाही असा आहे. नवी इमारत उभी राहते, नवी कुटुंबे येतात, आणि त्यांना पुन्हा कुणीतरी सांगावे लागते. वाघोबाला पुजणाऱ्या वारली पाड्यांना हे सहजीवन पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उद्यानात लोकांना फिरवण्याचे पगारी काम सर्वांत आधी त्यांच्याकडे यायला हवे.

राणीच्या बागेपाशी हा इतिहास एक वळण घेतो. 2007 च्या सुमारास बागेचे रूप पालटण्याचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांच्या काळजीने काही नागरिक ‘सेव्ह राणीबाग’ म्हणून एकत्र आले. निवेदने दिली, तशाच लोकांना झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्याही काढल्या. ज्यांनी उर्वशीचे झाड एकदा समजून पाहिले ते तिच्यासाठी बोलू लागले, आणि तो आराखडा अखेर मागे पडला. 2017 मध्ये त्याच बागेत पेंग्विन पाहायला रांगा लागल्या. पेंग्विन पाहण्याचा मुलांचा आनंद खरा आहे, त्याला माझा विरोध नाही. गर्दीने प्राण्यांना त्रास होतो ही भीतीही रास्त आहे, पण सोबत समजावणारा असेल तर गर्दी शांत राहते, नसेल तर काचेवर टकटक करते. माझी मागणी जुनीच आहे, 1926 मध्ये या शहराने जी मान्य करून पुढे सोडून दिली तीच. प्रत्येक मोठ्या सार्वजनिक उद्यानात मराठीत आणि हिंदीत बोलणारा, वर्षभर त्याच जागी राहणारा, निदान एक पगारी निसर्गमार्गदर्शक असावा, आणि उद्यानाच्या अंदाजपत्रकात कारंज्यांच्या आधी त्याची ओळ यावी. तुमच्या वॉर्डातल्या बागेसाठी अंदाजपत्रक ठरते तेव्हा नगरसेवकाकडे ही एक मागणी लेखी द्या.